लिहायला लागण्याआधी आपले लेखक कुठल्या कामावर होते?

पेडण्याची_टीचर

नमस्कार सगळ्यांना. मी पेडणे तालुक्यात हायस्कूलला मराठी शिकवते. धड्याच्या वर जो लेखक परिचय असतो ना, तो शिकवताना मला कायम एक गोष्ट खटकते. जन्म कुठला, पुस्तकं कुठली, पुरस्कार कुठला, संपलं. तो माणूस पोट कशावर भरत होता ते त्यात कुठेच नसतं, त्यामुळे पोरांना वाटतं लेखक म्हणजे लहानपणापासून टेबलावर बसून नुसतं लिहिणारी कुणीतरी मोठी माणसं. माझ्या वर्गात कुणाचे बाबा पायलट आहेत, म्हणजे मोटरसायकलवरून भाड्याने माणसं नेणारे, दिवसभर मोटरसायकल घेऊन बाजारात स्टँडवर उभे असतात, कुणाचे ट्रकवर, कुणाचे बोटीवर जातात ते सात-आठ महिने घरी नसतात, कुणाच्या आईचा बसस्टँडकडे गाडो, म्हणजे विक्रीची गाडी, आहे. आणि ह्याच पोरांतली काही इतकं सुंदर लिहितात की मी निबंध तपासताना थांबते. पण विचारलं पुढे काय करणार तर "लिहिणार" असं एकजण पण म्हणत नाही, ते आपलं काम नव्हेच असं त्यांचं ठरून गेलंय.

तर 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा दिनाला मला वर्गाबाहेर मोठं भित्तिपत्रक लावायचंय. लेखक लिहायला लागण्याआधी काय काम करायचे एवढंच त्यावर असेल. नारायण सुर्वे मला माहीत आहेत, गिरणीत काम केलं, मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि नंतर शिक्षक झाले. परदेशातली नावं तर नेटवर ढीगभर मिळतात, पण मला शक्यतो आपल्या जवळपासची हवीत, गोवा, सिंधुदुर्ग, कारवार. भिंतीवर लागणार आहे म्हणून पक्कं माहीत असेल तेच सांगा प्लीज.

---

डिचोलीकार

टीचर, विषय एकदम मनातला काढलात. पहिलं नाव तर तुमच्या दारात आहे. पेडण्यातून तेरेखोल नदी ओलांडली, रेडी मागे टाकली की शिरोडा. वि. स. खांडेकर 1920 साली तिथे शाळामास्तर म्हणून आले ते 1938 पर्यंत तिथेच होते, म्हणजे अठरा वर्षं. सांगलीत वाढलेला, पुण्यात कॉलेज केलेला तरुण त्या काळच्या शिरोड्यात येतो, रस्ता धड नाही, वीज नाही, आणि आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं तिथे शिकवण्यात घालवतो. त्यांची पहिली कादंबरी 1930 ची, आणि त्याच साली शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, हे दोन्ही एकाच गावात. पुढे 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं पहिलं. मला कायम वाटतं की खांडेकरांच्या पुस्तकात गरीब माणसाबद्दल जो कळवळा आहे, ज्याला हल्लीचे लोक भाबडा म्हणतात, तो काही कल्पनेतून आलेला नाही, समोर बाकावर बसलेली पोरं रोज बघून आलाय. तुमच्या पोरांना एक दिवस बसने शिरोड्याला घेऊन जाच.

तिथून पुढे कुडाळला जा. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, त्यांची कुडाळला खानावळ होती. ताटं लावणारा, हिशेब बघणारा माणूस तिथे बसून मराठीतल्या सगळ्यात गूढ कविता लिहीत होता. धंदा काही नीट चालला नाही, मग मुंबईला आकाशवाणीवर नोकरीला गेले, तिथे पण फार रमले नाहीत. 1976 ला गेले तेव्हा पन्नाशी पण झाली नव्हती, आणि साहित्य अकादमी मिळालं ते गेल्यानंतर. हे लिहिताना मला आताही वाईट वाटतं.

गोव्यातलं म्हणाल तर बाकीबाब, म्हणजे बा. भ. बोरकर, 1945 पर्यंत इथे शाळामास्तर, मग ती नोकरी सोडून चळवळीत, नंतर आकाशवाणीवर पुण्याला आणि पणजीला. रवींद्र केळेकार दिल्लीला गांधी स्मारक संग्रहालयात ग्रंथपाल होते आणि गोव्याच्या मुक्तीसाठी ती नोकरी सोडून आले. आणि आमच्या डिचोलीचे शणै गोंयबाब मुंबईत इटलीच्या वकिलातीत नोकरी करत करत कोंकणीचं एवढं डोंगराएवढं काम करून गेले. केळेकार, शणै गोंयबाब कोंकणीचे आणि भित्तिपत्रक मराठी भाषा दिनाचं, म्हणून कुणी भुवया उंचावेल तर उंचावू दे. आपल्या घरातली पोरं दोन्ही भाषांतच वाढतात आणि बाकीबाबांनी तर दोन्हीत लिहिलं.

दामोदर मावजो मात्र विसरू नका. माजोर्ड्याला त्यांच्या घरचं दुकान, गावातलं सगळं सामान मिळणारं. मुंबईत बी.कॉम. करून परत गावात आले आणि दुकान बघत लिहिलं. गावच्या दुकानात काय काय कळतं ते आपल्याला माहीतच आहे, कुणाची उधारी वाढली, कुणाचा मुलगा गल्फातून पैसे पाठवायचा बंद झाला, कुणाच्या घरी भांडण झालं आणि कोण बोलायचं बंद झालं, सगळं काउंटरवर येतं, नुसते कान उघडे ठेवायचे. कुवेतला कामाला गेलेल्या गोव्याच्या बाईवर त्यांनी कादंबरी लिहिली, 1983 चं साहित्य अकादमी तिलाच, आणि आता ज्ञानपीठ. दुकानदाराला ज्ञानपीठ! हे मोठ्या अक्षरात लावा.

---

वास्कोचो_तारवटी

डिचोलीकारांनी गावं सांगितली, मी दर्यावरचं सांगतो कारण टीचरच्या वर्गात बोटीवर जाणाऱ्यांची पोरं आहेत म्हणून. माझं सगळं आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, आता घरी आहे. परदेशी नको म्हणाल्या तरी हे एक नाव घ्याच, जोसेफ कॉनराड. जन्म 1857, पोलिश घरातला, आईबाप लहानपणीच गेले, सतरा पण पूर्ण नव्हती तेव्हा फ्रान्सला जाऊन बोटीवर चढला. मग ब्रिटिश बोटींवर आला आणि इंग्लिश शिकला ती विशीनंतर, खलाशांच्या तोंडून. पोलिश, फ्रेंच आणि मग इंग्लिश, म्हणजे त्याची तिसरी भाषा, आणि त्याच तिसऱ्या भाषेत लिहून तो इंग्लिशमधल्या मोठ्या कादंबरीकारांत गेला. आपल्याकडे घरात कोंकणी, शाळेत मराठी, कामावर हिंदी इंग्लिश, आणि पोरांना वाटतं की आपली एकही भाषा धड नाही, त्यांना हे ऐकवा.

1886 ला त्याने मास्टरची परीक्षा पास केली, म्हणजे कॅप्टन व्हायचं सर्टिफिकेट, ती परीक्षा काय असते ते मला विचारा. आणि आपल्याशी संबंध असा की 1884 साली तो मुंबईहून नार्सिसस नावाच्या बोटीवर चढला होता, त्याच बोटीबद्दल पुढे त्याने कादंबरी लिहिली, 1897 ची. पहिलं पुस्तक तर नोकरीत असतानाच लिहायला घेतलं होतं, आफ्रिकेत काँगोला गेला तेव्हा पण ती अर्धी कागदं बरोबर बाळगून होता, शेवटी 1895 ला छापलं.

बोटीवर रात्रीची वॉच असते तेव्हा चार तास उभं राहून बघत राहणे हेच काम असतं. बरोबरचा माणूस दुसऱ्या देशाचा, त्याच्याशी गप्पा मारायच्या तर मोडक्यातोडक्या भाषेत, पण तो काय सांगेल ते कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. आमच्यातल्या खूप जणांकडे असे किस्से होते आणि ते त्यांच्याबरोबरच गेले, कारण हे लिहायचं असतं असं आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही. म्हणून टीचर तुम्ही करताय ते फार चांगलं काम आहे.

आणखी एक, मार्क ट्वेन हा पण पायलट होता, मिसिसिपी नदीवर बोटींचा, 1859 ला लायसन्स मिळालं. मांडवीत बार्ज चालवणाऱ्यांना त्या कामाची किंमत कळेल, पाण्याखालचा वाळूचा बांध कुठे सरकलाय ते वरच्या पाण्यावरून ओळखायचं.

---

सत्तरी_वाचक

सगळं वाचलं, चांगलंय, पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे आणि ते मी स्पष्टच लिहितो. हे असं भित्तिपत्रक वाचून पोरांना वाटायला लागतं की कष्टाचं काम केलं की त्यातून आपोआप साहित्य निघतं, गरिबी म्हणजे लेखकाची शाळा. असं नसतं हो. खांडेकरांनी मास्तरकी निवडली होती, मावजोंचं दुकान घरचं होतं. सगळ्यांच्या वाट्याला तसं येत नाही.

बाबुराव बागूल बघा. रेल्वेत नोकरी लागली, सुरतला. पक्की सरकारी नोकरी, त्या काळात केवढी मोठी गोष्ट. पण राहायला खोली मिळेना, जात सांगितली की दार बंद, म्हणून जात लपवून राहावं लागलं, आणि ते असह्य झालं तेव्हा नोकरी सोडली. 1963 ला त्यांचा कथासंग्रह आला, जेव्हा मी जात चोरली होती, आणि मराठी कथा पहिल्यासारखी राहिली नाही. आता ह्याला "लेखक होण्याआधी रेल्वेत होते" असं एका ओळीत लिहिणार का? ती ओळ खरी आहे पण त्यातलं खरं दुखणं बाहेरच राहतं. अण्णा भाऊ साठेंचं पण तसंच, शाळा जवळजवळ नाहीच, वाटेगावहून घरच्यांबरोबर मुंबईला चालत आले, मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले, आणि एवढं लिहून पन्नाशीच्या आतच 1969 ला गेले. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवायचे. ह्या माणसांना काम सोडून लिहायला बसायची सोय कधी मिळालीच नाही, मिळाली असती तर आणखी किती लिहिलं असतं हा प्रश्न पण पोरांपुढे ठेवला पाहिजे.

टीचर, तुम्ही म्हणालात गाडोवाल्या आईची मुलगी वर्गात आहे. तिला बेबीताई कांबळे सांगा. फलटणला नवरा-बायकोचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, ते पेपर त्या वाचायच्या. आणि दुकानात बसल्या बसल्या वहीत लिहायच्या, पण लपवून, घरात कुणाला कळू न देता, अशी कितीतरी वर्षं. ते लिखाण पुढे स्त्री मासिकात आलं आणि 1986 ला पुस्तक झालं, जिणं आमुचं. डिचोलीकार, तुम्ही मावजोंचं दुकान सांगितलंत, त्याच्या शेजारीच हे दुकान लावा भिंतीवर. दोन्ही दुकानंच, पण एकात उघडपणे लिहिता आलं आणि दुसऱ्यात वही सामानामागे सरकवून ठेवावी लागली. पोरांना फरक आपोआप दिसेल, वर काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

---

डिचोलीकार

सत्तरीकर, पटलं. बागूलांच्या बाबतीत एक ओळ पुरणार नाही, तिथे पूर्ण परिच्छेदच हवा. पण एवढंच म्हणेन की दुःख आहे म्हणून कामाचा उल्लेखच टाळला तर परत पुस्तकातल्यासारखं जन्म-गाव-पुरस्कार होईल.

---

काजरा

मी मडगावला फार्मसीत आहे, त्यामुळे मला माझ्या लाईनचंच सुचणार. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये टॉर्कीच्या हॉस्पिटलात आधी नर्सिंगला आणि मग औषधं बनवण्याच्या खात्यात होती. तेव्हा आतासारख्या तयार गोळ्यांची पाकिटं नव्हती, सगळं वजन करून, खलून, मिसळून द्यायला लागायचं आणि दशांश चिन्ह इकडचं तिकडे झालं तर माणूस जायचा. तिने औषधशाळेची परीक्षा पण दिली. आणि त्याच दवाखान्यात काम नसेल त्या वेळात पहिली रहस्यकथा लिहायला घेतली, ती 1920 ला आली, त्यात खून स्ट्रिक्नीनने होतो. कसा होतो ते सांगत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांची मजा जाईल, पण रसायनशास्त्र त्यात इतकं बरोबर आहे की औषधवाल्यांच्या मासिकात त्या पुस्तकाचं कौतुक छापून आलं होतं.

आता हे गोव्याच्या पोरांना का सांगायचं, तर स्ट्रिक्नीन येतं ते काजऱ्याच्या बियांतून, आणि काजऱ्याचं झाड आपल्या रानात आहे, पेडण्यात तर नक्की सापडेल, नारिंगी फळं येतात, आजी हात लावू देत नाही ते. वर्गात कुणाला तरी ते झाड माहीत असणारच. तर माझं म्हणणं असं की कामाने फक्त माणसं कळतात असं नाही, कामातली बारीक माहिती पण लेखनात उतरते. ज्याला एखाद्या कामातलं खरंच कळतं त्याच्या लिहिण्यावर वाचक विश्वास ठेवतो. ट्रकवाल्याच्या पोराला गिअर, घाट, वजनकाटा, टायर ह्यातलं जे माहीत आहे ते मला माहीत नाही, आणि मला ते वाचायला आवडेल.

---

पेडण्याची_टीचर

देव बरें करूं सगळ्यांना, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सत्तरी_वाचक, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी आता असं ठरवतेय की नावांची लांब यादी नकोच, थोडेच लेखक घ्यायचे पण प्रत्येकाबद्दल नीट सात-आठ ओळी. दुकानं दोन्ही शेजारी लावणार हे पक्कं. काजऱ्याची बी एका छोट्या बाटलीत बंद करून ठेवावी म्हणते, हेडमास्तरांनी परवानगी दिली तर.

आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे फौजेत किंवा पोलिसात असलेलं कुणी, कारण मुलगे ते विचारणारच. आणि बायका अजून हव्यात, बेबीताई आणि अगाथा ख्रिस्ती सोडल्या तर सगळे पुरुषच आलेत.

---

काणकोण_पलीकडे

फौजेतला माणूस आमच्या बाजूचा. महाबळेश्वर सैल, पोळ्याचा चेकनाका ओलांडला की माजाळी, तिथले. सैन्यात होते, 1965 च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात प्रत्यक्ष आघाडीवर, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत पण जाऊन आलेत. नंतर पोस्टात नोकरी केली. कोंकणीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या, मराठीत पण, तांडव ही त्यांची मराठी कादंबरी पोर्तुगीज काळातल्या धर्मांतरावर आहे आणि ती प्रत्येक गोवेकराने वाचावी असं माझं मत आहे. 2016 चा सरस्वती सन्मान हावठण ह्या कादंबरीला, कुंभारांच्या आयुष्यावरची. युद्ध बघितलेला माणूस कुंभाराच्या भट्टीवर एवढं मन लावून लिहितो, ह्याचं मला फार अप्रूप आहे. म्हणजे जे काम केलं त्यावरच लिहायला पाहिजे असा नियम नाही.

ह्यावरून श्री. ना. पेंडसे आठवले. नोकरी मुंबईत बेस्टमध्ये, बसवाली बेस्ट, आणि कादंबऱ्या बऱ्याचशा दापोलीकडच्या, माडापोफळीतल्या. ऑफिसात बसून हा माणूस मनाने कायम गावातच असणार. पण नोकरीवर पण त्यांनी लिहिलं बरं का, बेस्ट उपक्रमाची कथा नावाचं पुस्तक आहे त्यांचं. आणि टीचर, तुमच्या शीर्षकातला "आधी" हा शब्द काढता आला तर बघा. पेंडसे, मावजो, सैल, शणै गोंयबाब, ह्यातल्या कुणी नोकरीधंदा सोडून मग लेखक झाला असं झालेलंच नाही, दोन्ही बरोबरच चाललं. मराठीत नुसतं लिहून घर चालवणारे किती निघतील? पोरांना हे आत्ताच माहीत असलेलं बरं, म्हणजे पुढे नोकरी लागली की लिहिणं सोडायचं असं तरी वाटणार नाही.

---

सत्तरी_वाचक

बायकांसाठी दोन नावं देतो. मालतीबाई बेडेकर, पूर्वीच्या बाळूताई खरे. मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि 1933 ला विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाने कथा छापल्या, शिकलेल्या आणि लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं. एवढी खळबळ झाली की ही बाई कोण ते शोधत होते लोक. नंतर त्यांनी इंग्रजांनी ज्या जमातींना गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं त्यांच्या वसाहतीवर अधिकारी म्हणून काम केलं, आणि बळी ही कादंबरी तिथूनच आली. ह्यांच्या बाबतीत नोकरी आणि पुस्तक वेगळं काढताच येत नाही.

दुसऱ्या ऊर्मिला पवार, रत्नागिरीकडच्या. आई बांबूच्या टोपल्या विणून विकायची त्यावर घर चाललं, आणि ऊर्मिलाताई सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होत्या. संसार, ऑफिस, एम.ए. आणि लिखाण एकाच वेळी. आयदान 2003 चं आहे, भाषा कोकणातली असल्यामुळे तुमच्या पोरांना अजिबात जड जाणार नाही. नववीला वाचून दाखवायचं तर बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढून उतरून बाजाराला जातात ती सुरुवातीची पानं घ्या.